हीट लावायला पासवर्ड कशाला लागतो?

घर गरम करायला माझा ई-मेल कशाला पाहिजे? फोनचं लोकेशन कशाला पाहिजे? घर किती स्क्वेअर फुटांचं, कुठल्या साली बांधलेलं, आत माणसं किती, मी झोपते कधी, उठते कधी, हे सगळं भिंतीवरच्या थर्मोस्टॅट नावाच्या एका डबीला का म्हणून सांगायचं? लग्न जुळवायचंय का तिचं माझ्याशी?

रविवारी रात्री मिलवॉकीहून परत येत होतो. बाहेर उणे सतरा सेल्सिअस. शिकागोच्या पश्चिमेला जानेवारीत ही काही बातमी नाही. २०१९ च्या ३० जानेवारीला उणे एकतीसपर्यंत उतरलं होतं, त्यापुढे हे म्हणजे वसंत ऋतूच. पण मागच्या सीटवर आई होती. नोव्हेंबरात सांगलीहून आलेली. दोन स्वेटर, त्यावर शाल, त्यावर माझं जुनं जॅकेट, आणि तरी "बोटं बधिर झाली गं" चाललेलं. दोन दिवस घर बंद म्हणून हीट उतरवून ठेवली होती. म्हटलं, ज्यासाठी एवढे डॉलर मोजले ते आता तरी वापरू, घरी पोचायच्या आत फोनवरून हीट वाढवू. अ‍ॅप उघडलं. समोर पांढराफटक पडदा. आमच्या अटी बदलल्या आहेत. खाली एकच बटण, मान्य. "नंतर बघते" नाही, "नको" नाही. वाचायला दिलेला मजकूर एवढा की मान खाली घालून वाचत बसले असते तर घर आलं असतं.

दाबलं. काय करणार? आईची बोटं बधिर झालीत आणि मी कलमं वाचत बसू? मान्य केलं. काय मान्य केलं ते त्यांनाच ठाऊक.

पुण्याच्या ताईला फोनवर हे सांगत होते तर ती म्हणाली, "थर्मोस्टॅट म्हणजे इस्त्रीत असतो तोच ना?" हो गं बाई, तोच! तापलं की तोडायचं, गार झालं की जोडायचं, एवढंच त्याचं आयुष्य. इथल्या घरांत भिंतीतून चोवीस व्होल्टच्या बारीक वायरी येतात. लाल आणि पांढरी जुळली की खाली बेसमेंटमध्ये फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, पेटते, सुटली की विझते. आमच्याकडे आधीच्या मालकाच्या काळातला गोल डायल होता, हनीवेल कंपनीने १९५३ साली बाजारात आणलेल्या घाटाचा. आत धातूची गुंडाळलेली पट्टी आणि काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब. गारठलं की पट्टी हलते, नळी कलते, पारा घरंगळतो, वायरी जुळतात. त्या पाऱ्याने कधी माझी जन्मतारीख विचारली नाही.

मग बदलला का? कारण एका डिसेंबरात आम्ही भारतात गेलो आणि हीट सत्तर फॅरनहाइटवर तशीच राहिली. तीन आठवडे रिकामं घर उबदार. गॅसचं बिल बघून नवऱ्याने जो उसासा सोडला तो मला अजून ऐकू येतो. "फोनवरून बंद करता आलं असतं," हे वाक्य त्यानंतर दर आठवड्याला. बरोबर आहे त्याचं, मी नाही म्हणत नाही. सोय ही सोयच असते.

तर मग तीन आठवडे खरेदीचं पुराण. नवऱ्याने एक्सेल केलं. एकात अ‍ॅलेक्सा आतच बसलेली, म्हणजे हॉलमध्ये चोवीस तास माइक. एकाला फोनचं लोकेशन सतत हवं, का तर तुम्ही घराबाहेर पडलात हे त्याला आपोआप कळावं. एक इतका स्वस्त की मलाच शंका, हा मला विकतायत की मलाच विकणार आहेत. शिवाय बॉक्सवर जे लिहिलंय तेवढंच आत असेल याचा तरी काय भरवसा? २०१९ च्या फेब्रुवारीत गूगलच्या नेस्ट सिक्युअर नावाच्या घरगुती अलार्ममध्ये माइक असल्याचं बाहेर आलं. विकताना त्याच्या माहितीत माइकचा उल्लेखच नव्हता. कंपनी म्हणाली, लपवायचा हेतू नव्हता, आमची चूक झाली. लिहायचं राहून गेलं म्हणे! भाजीत मीठ राहून जातं, माइक कसा राहून जातो?

शेवटी आम्ही माइक नसलेला घेतला. नाव सांगत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. लोकेशन दिलं नाही, फक्त माणसाची हालचाल ओळखणारा सेन्सर. सोबत एक छोटा सेन्सर फुकट, कुठल्याही खोलीत ठेवा, ती खोली नीट गरम राहील. केवढी शहाणी मी! बसवलाही मीच. जुना डायल काढला तर एसीच्या धरून चारच वायरी जोडलेल्या, आणि या साहेबांना सतत वीज लागते म्हणून पाचवी, सी वायर हवी. टॉर्च मारून भिंतीच्या भोकात बघितलं तर निळी वायर मागेच गुंडाळून ठेवलेली, घर बांधलं तेव्हापासून कुणी हात न लावलेली. इलेक्ट्रिशियनचे पैसे वाचले म्हणून त्या दिवशी मी पॅसेजमध्ये अक्षरशः नाचले होते. आता आठवलं की लाज वाटते.

आई आली तेव्हा तो फुकटचा सेन्सर तिच्या खोलीत ठेवला. म्हातारं माणूस, थंडी सोसत नाही. चांगल्या बुद्धीनेच ठेवला.

पॅसेजमधला तो थर्मोस्टॅट मात्र तिला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. कुणी जवळून गेलं की त्याचा पडदा उजळतो. "मी रात्री उठले की हा डोळा उघडतो," ती म्हणाली. "बघतो आणि परत मिटतो." मी हसले. सेन्सर आहे गं, म्हटलं, माणूस आला की तापमान दाखवतो. "मला कशाला दाखवतो रात्री तीनला? मी विचारलं होतं का त्याला?"

डिसेंबरचं गॅसचं बिल फुगून आलं. हीट नक्की कधी चालते ते बघावं म्हणून वेबसाइटवरून आमच्याच घराची फाइल उतरवून घेतली. दर पाच मिनिटांना एक ओळ. दिवसाच्या २८८ ओळी. बाहेर किती, आत किती, फर्नेस किती सेकंद चालली. आणि उजवीकडे एक रकाना आईच्या खोलीतल्या हालचालीचा. कुणी हललं तर एक, नाही तर शून्य. रात्र म्हणजे शून्यांची रांग असायला हवी ना? पावणेबाराला एक. एक-पाचला एक. दोन-वीस. तीन-दहा. पावणेपाच. आधी वाटलं सेन्सर बिघडलाय. आदल्या दिवसाची रात्र बघितली. त्याच्या आदल्या. ती आल्यापासून रोज हेच.

सकाळी ती चहा घेत होती. विचारलं, "आई, तू रात्री चार-पाचदा उठतेस?"

कप तसाच धरून ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" आणि मान वळवून पॅसेजच्या भिंतीकडे बघितलं.

कुठे तोंड लपवू असं झालं मला.

पुढची गोष्ट सरळ आहे. सांगलीच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल केला. बीपीच्या गोळीत लघवी जास्त होण्याचं औषध आहे आणि ती गोळी रात्री घेत होती. त्यांनी सकाळी घ्यायला सांगितली. आता एखाद-दुसऱ्या वेळी उठते. नवरा लगेच, "बघ, फायदाच झाला ना?"

झाला! झाला ना, म्हणूनच तर अंगाचा तिळपापड होतोय! नुसतं वाईट असतं तर काढून फेकलं असतं आणि मोकळी झाले असते. पण माझी आई रात्री किती वेळा बाथरूमला जाते हे मला कळायच्या दोन महिने आधीपासून कुठल्याशा सर्व्हरवर लिहून ठेवलेलं होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. मलासुद्धा नाही. मान्यचं बटण मी दाबलं, रकान्यात उतरली ती. आई एवढंच म्हणाली, "मी काही लपवत नव्हते. वाटलं असतं तेव्हा सांगितलं असतं."

आता यावर कुणीतरी म्हणणारच, हे काय एवढं? फोनला सगळं माहीतच असतं. दर पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, पुरणपोळीच्या रांगेत हे ज्ञान मला मिळतं. म्हणजे चोर ओसरीवर आलाच आहे तर माजघरातही न्या, देवघर दाखवा, दागिन्यांचा डबा कुठे असतो तेही सांगा!

याच देशात २००१ साली कायलो नावाच्या माणसाचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. ओरेगनमध्ये तो घरात गांजा वाढवायचा, त्यासाठी लावलेल्या दिव्यांची उष्णता पोलिसांनी रस्त्यावर गाडीत बसून थर्मल कॅमेऱ्याने टिपली. कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, वॉरंट नसताना हे चालायचं नाही. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलियांनी दिलेलं उदाहरण तर थेट न्हाणीघरातलं होतं, घरातली बाई रोज रात्री किती वाजता अंघोळ करते तेही असल्या यंत्रातून कळेल म्हणून. घरातून झिरपणारी ऊबसुद्धा घरातलीच गोष्ट, असं मानणारा निकाल. आणि आम्ही? पोलिसांना जे रस्त्यावरून बघायला बंदी, ते आतून, स्वतःच्या हाताने स्क्रू पिळून, पदरचे डॉलर खर्चून, दर पाच मिनिटांना पाठवतोय. आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या नेपरव्हिलमध्ये लोक स्मार्ट वीजमीटरविरुद्ध कोर्टात गेले होते. २०१८ मध्ये अपील कोर्टाने मान्य केलं की दर पंधरा मिनिटांचं रीडिंग घेणं म्हणजे घराची झडतीच. पण शहर ते पोलीस तपासासाठी घेत नाही, वीजपुरवठा सुधारायला घेतं, तेव्हा ही झडती रास्त. घ्या! पंधरा मिनिटांना झडती, तर पाच मिनिटांना काय म्हणायचं?

ताई म्हणाली ते खरं. "आमच्याकडे स्मार्ट मीटर नको म्हणून लोक मोर्चे काढतात, आणि तुम्ही विकत आणता होय गं?"

बरं, एवढं सगळं देऊन निदान वस्तू तरी आपली राहते का? कोलोरॅडोत ऑगस्ट २०२२ मध्ये ऐन उकाड्यात सुमारे बावीस हजार घरांचे थर्मोस्टॅट वीज कंपनीने लॉक केले. एसी वाढवायला गेलं तर बटण ऐकेना. लोकांनी सही केली होती, शंभर डॉलर आणि वर्षाला पंचवीसच्या सवलतीसाठी. सही केली होती हे खरंच, पण घामाच्या धारा लागलेल्या असताना स्वतःच्या भिंतीपुढे हात जोडून उभं राहावं लागेल हे किती जणांच्या लक्षात आलं असेल? आणि नेस्ट, असले थर्मोस्टॅट बनवणारी कंपनी. २०१४ साली गूगलने तीन अब्ज वीस कोटी डॉलर देऊन ती कंपनी घेतली. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांचे थर्मोस्टॅट २५ ऑक्टोबर २०२५ पासून अ‍ॅपवरून चालायचे बंद झाले. भिंतीवर हाताने फिरवा म्हणे. म्हणजे अडीचशे डॉलरचा गोल डायल! तो तर आमच्याकडे होताच की, पाऱ्याचा!

मला राग याचा येतो की हा सौदाच खोटा आहे. फोनवरून हीट कमी-जास्त करायला आईच्या झोपेचा हिशोब तिसऱ्याच्या दारात पाठवण्याची काहीएक गरज नाही. घरातल्या घरात बोलणारे थर्मोस्टॅट मिळतात, झेड-वेव्ह नावाच्या घरातल्या घरातच पोचणाऱ्या रेडिओवर चालणारे वगैरे. नवऱ्याच्या एका मित्राने तसं केलंय. बेसमेंटमध्ये एक छोटा कॉम्प्युटर, त्यावर होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर, बाहेर काही जात नाही. पण तो गावाला गेला आणि काही अडलं की त्याची बायको स्वेटर घालून बसते. मला भिंतीची सिस्टिम अ‍ॅडमिन व्हायचं नाही हो. सोय पाहिजे, आणि पाळत नको, एवढं साधं दुकानात का मिळू नये? मिळत नाही, कारण पाळत हाच धंदा आहे, सोय ही वरची चेरी.

सोमवारी हार्डवेअरच्या दुकानातून चाळीस डॉलरचा साधा प्रोग्रॅमेबल आणला. वायफाय नाही, अ‍ॅप नाही, दोन पेन्सिल सेल. रात्री कमी, पहाटे जास्त, बाहेरगावी जाताना एक बटण. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशोबाने दिवसातले आठ तास सात ते दहा अंश फॅरनहाइट उतरवलं तर वर्षाचे दहा टक्क्यांपर्यंत पैसे वाचतात. त्याला क्लाउड लागत नाही, घड्याळ लागतं. गावाला जाताना ते बटण दाबायचं लक्षात राहील का, हा नवऱ्याचा प्रश्न. दारावर चिठ्ठी लावलीय. आईच्या अक्षरात.

अकाउंट बंद करणं हा वेगळा छळ. बटण सापडेना, मग चॅट, मग ई-मेल, मग "तुम्ही का जाताय?" मला वाटलं होतं लिहावं. नाही लिहिलं.

नवीन डबीची बटणं कटकट वाजतात. दुपारी मी मीटिंगमध्ये असले की बाहेर कट, कट, कट. आई चौऱ्याहत्तर करते. मी बाहेर येऊन सत्तर करते. ती "कुठे, मी नाही हात लावला" म्हणते आणि याची नोंद जगात कुठेच होत नाही.

फक्त बुधवारी सकाळी म्हणाली, "तो मेला उजळायचा ते बरं होतं गं. पॅसेजमध्ये दिसायचं तरी. काल मी दाराला धडकले."

तेव्हा आता भिंतीतल्या सॉकेटमध्ये पाच डॉलरचा छोटा दिवा लावलाय. माणूस आला की लागतो, गेला की विझतो. बॉक्स उलटासुलटा करून दोनदा वाचला. ई-मेल अजून मागितलेला नाही.