एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह? कुणी सांगितलं?

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देते. त्यावरून ‘लिनक्समध्ये डिस्क ओळखण्याचे पाच सोपे नियम’ असा एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. माझ्या मावसभावाकडेही पोचला. त्यानं पहिलाच नियम प्रमाण मानून डीडी (सांगाल त्या डिस्कवर बाइट जसेच्या तसे लिहिणारी कमांड) चालवलं आणि बॅकअपच्या डिस्कवर इन्स्टॉलरची इमेज चढवून ठेवली. म्हणून हा खटाटोप.

नियम पहिला: ‘एसडीए म्हणजे सिस्टिमची डिस्क, एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह. नेहमी.’

हे ‘नेहमी’ आलं कुठून? लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये, चौथ्या विभागात, एसडी ड्रायव्हरचं, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्रॅमचं, पान आहे. पाच मिनिटांत वाचून होतं. त्यात मायनर नंबरचं (सिस्टिम आतून डिस्क ज्या आकड्यानं ओळखते त्याचं) सूत्र दिलंय: ड्राइव्हचा क्रमांक गुणिले १६, अधिक पार्टिशनचा (डिस्कच्या एका भागाचा) क्रमांक. आणि ड्राइव्हचा क्रमांक ठरतो ती ज्या क्रमानं सापडली त्यावर. बास. डिस्क आतली की बाहेरची, तिच्यावर सिस्टिम आहे की फोटो, याच्याशी ड्रायव्हरला काही देणंघेणं नाही. आधी सापडली ती ए, नंतर सापडली ती बी. मावसभावाच्या मशीनमध्ये आत दोन डिस्क होत्या, त्यामुळे पेनड्राइव्ह एसडीसी झाला. बूट होताना एखादी डिस्क उशिरा जागी झाली तरी अक्षरांची अदलाबदल होऊ शकते.

सॅटा जोडणीची एकच डिस्क असलेल्या लॅपटॉपवर हा नियम बहुतेकदा खरा निघतो, हे मान्य. पण एनव्हीएमई (वेगळ्या जोडणीची एसएसडी) असलेल्या लॅपटॉपवर आतली डिस्क एनव्हीएमई०एन१ या नावानं दिसते. एसडीच्या रांगेत ती नसतेच, त्यामुळे पेनड्राइव्ह होतो एसडीए! एसडीबी नावाचं काही अस्तित्वातच नसतं. तरीही रूट (सर्वाधिकार असलेला युजर) होऊन डीडीला ‘/डेव्ह/एसडीबी’वर लिहायला सांगितलं, तर ते अडवत नाही. त्या नावाची एक साधी फाइल तयार करतं. ‘/डेव्ह’ हा उपकरणांच्या नावांचा फोल्डर मेमरीत असतो, म्हणून ती फाइलही मेमरीतच. जागा पुरली तर इतके बाइट कॉपी झाले असं ऐटीत छापून येतं, पेनड्राइव्ह मात्र जसा होता तसाच, आणि रीबूट केलं की फाइलही गायब. जागा नाही पुरली तर ती संपल्याची ओरड, आणि माणूस पेनड्राइव्ह उलटापालटा करून बघत बसतो.

एंटर दाबण्याआधी एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून डिस्कचा आकार तरी बघा. नाहीतर सरळ ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’मधलं नाव वापरा. त्यात सहसा मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, तो अक्षरांसारखा सरकत नाही.

नियम दुसरा: ‘एसडीए आणि एसडीए१ एकच, काहीही लिहा.’

काहीही! त्याच सूत्रात पार्टिशनचा क्रमांक शून्य असेल तर ती अख्खी डिस्क. म्हणून एसडीबीचा मायनर नंबर १६ आणि एसडीबी३ चा १९. पार्टिशन म्हणजे सुरुवात कुठे आणि लांबी किती, एवढे दोन आकडे. एसडीए१ चा पहिला बाइट मागितला की कर्नल (सिस्टिमचा गाभा) त्यात सुरुवातीचा सेक्टर (डिस्कचा छोटा ठोकळा) मिळवतं. हल्ली तो बहुधा २०४८ असतो, म्हणजे ५१२ बाइटच्या हिशेबानं डिस्कच्या आरंभापासून १०,४८,५७६ बाइट पुढे. बूटेबल इमेज एसडीए१ वर लिहिली तर तिचा बूट सेक्टर (सिस्टिम सुरू करणारा भाग) तिथे जाऊन पडतो, आणि फर्मवेअर (मशीन चालू होताच चालणारा प्रोग्रॅम) शोधतं डिस्कच्या शून्याव्या सेक्टरपासून. मग म्हणायचं, पेनड्राइव्हच खराब निघाला.

तिसरा, ‘दुसऱ्या पार्टिशनमध्ये कॉपी ठेवली की झाला बॅकअप.’ फाइलसिस्टिम (पार्टिशनमधली फाइलींची मांडणी) बिघडली तर उपयोगी पडेल, तेवढंच. डिस्क मेली की दोन्ही पार्टिशनं एकदमच गेली.

चौथा, ‘सगळ्या युनिक्समध्ये हीच पद्धत.’ नाही. युनिक्स म्हणजे लिनक्सच्या कुळातल्या सिस्टिम. त्यातल्याच ओपनबीएसडीत आकडा डिस्कचा आणि अक्षर पार्टिशनचं. तिथे एसडी०सी हे तिसरं पार्टिशन नव्हे, ती अख्खी डिस्क. नेटबीएसडीत पीसीवर तेच काम ‘डी’कडे.

पाचवा तर कहर: ‘जुनी डिस्क विकण्याआधी पार्टिशन डिलीट करा, डेटा कायमचा पुसला जातो.’ अहो, पार्टिशनच्या टेबलातले सुरुवात आणि लांबीचे ते दोन आकडे जातात फक्त! बाइट जागच्या जागी असतात. विकत घेणाऱ्यानं तेच आकडे पुन्हा टेबलात भरले की पार्टिशन परत उभं राहतं, तुमच्या फाइलींसकट.