सोर्स कोड सांभाळावा कसा?

अभिनंदन! अंधेरीला सीप्झच्या आसपास गाळा घेऊन तुम्ही अँटिव्हायरसची कंपनी काढलीत. आता सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं तो प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, सांभाळायचा, तर सुरुवात गेटवरून करा. येणाऱ्याजाणाऱ्याच्या फोन कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवायला आणि लॅपटॉपचा नंबर वहीत उतरवायला वॉचमन बसवा. वही जाडजूड हवी. ती कोणी उघडत नाही, पण ऑडिटवाल्यांना बरी वाटते.

मग एखादं सरकार येऊन म्हणेल, यात चोरदरवाजा नाही कशावरून? कोड दाखवा. दाखवा की! बंद खोली द्या, एक ओळही बाहेर जाणार नाही असा करार करा. एचपीई या अमेरिकी कंपनीने आर्कसाइट हे आपलं सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर रशियाच्या तपासनिसांना असंच बघू दिलं. तेच आर्कसाइट पेंटागॉनही वापरत होतं, हे 2017च्या बातमीनंतर जगाला कळलं. कोड खोलीबाहेर गेला नाही म्हणे. तपासनिसांची डोकी गेली, पण त्यांची नोंद कुठल्या वहीत करणार?

आपलं सरकारही काही कमी नाही. 2010 मध्ये ब्लॅकबेरी फोनवाल्यांना, मेसेज बघू द्या नाहीतर बंदी, असा दम भरला आणि वर्षभरात कायदेशीर टेहळणीची सोय थेट मुंबईत उभी राहिली.

आणि कोड फुटलाच तर? निवेदन काढा. नमुना तयार आहे. जानेवारी 2012 मध्ये हॅकर म्हणाले, नॉर्टन अँटिव्हायरसचा कोड आम्हाला भारताच्या लष्करी गुप्तचर विभागाच्या सर्व्हरवर मिळाला. नॉर्टनवाली सिमँटेक कंपनी म्हणाली, आमच्या नेटवर्कमधून काही गेलं नाही, कोडही जुनाट आहे. दोनेक आठवड्यांत दुसरं निवेदन: गेलं होतं, आमच्याच नेटवर्कमधून, 2006 मध्ये! पाठोपाठ तिसरं: दुरून कॉम्प्युटर चालवायचं आमचं पीसीएनीव्हेअर तूर्त बंद ठेवा. म्हणजे चोरी झाल्यावर सहा वर्षांनी. घाई कशाला करायची?

पुढचा भाग तर वहीत उतरवून ठेवा. कोड उघड करू नये म्हणून ईमेलवर कंपनी आणि हॅकर यांच्यात 50,000 डॉलरचा सौदा सुरू झाला. अट अशी, की आम्ही खोटं बोललो, हॅकिंग झालंच नाही, असं हॅकरांनी चारचौघांत सांगायचं. ती पत्रं आमच्या नावाने पोलिसच लिहीत होते, असा खुलासा कंपनीने नंतर केला. सौदा फिसकटला, कोड इंटरनेटवर आला.

तेव्हा तुम्ही निवेदनं तीनही आधीच लिहून ठेवा, तारखेची जागा फक्त मोकळी सोडा. खाली रिन्यूअलची लिंक द्यायला विसरू नका, मार्चअखेर जवळ आलीय.