अर्धा देश आयता मिळाल्यास काय करावे

असा योग सगळ्यांच्या पत्रिकेत नसतो. पण नेम नाही, एखाद्या नोव्हेंबरात शेजारची भिंत पडते आणि पलीकडची १ कोटी ६० लाख माणसं देशासकट दारात उभी राहतात. अशा वेळी गांगरून जाऊ नका. जर्मनांनी हे सगळं आधीच करून ठेवलंय, तुम्ही फक्त गिरवायचं.

पहिलं म्हणजे, विचार करायला वेळ देऊ नका. स्वतःलाही नाही. बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला पडली आणि ३ ऑक्टोबर १९९० ला एकीकरण उरकलंही. पश्चिम जर्मनीच्या घटनेत दोन वाटा होत्या. कलम १४६ प्रमाणे दोघांनी बसून नवी घटना करायची, किंवा कलम २३ प्रमाणे साम्यवादी पूर्व जर्मनीने मुकाट्याने आत यायचं. दुसरी वाट धरा. लेटरहेडसुद्धा बदलावं लागत नाही.

मग चलन. 'मार्क आला तर आम्ही राहू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ' अशा घोषणा पूर्वेचे लोक रस्त्यावर देतच होते, त्यामुळे नंतर कुणी बोट दाखवलं तर 'तुम्हीच मागितलंत' म्हणायची सोय झाली. १ जुलै १९९० पासून पगार एकास एक दराने पश्चिमी मार्कात द्या. निर्यातीच्या हिशेबात पूर्वेचे कारखाने एका पश्चिमी मार्कामागे आपले चारच्या वर मार्क मोजत होते, ही कटकट कुणाच्या कानावर घालू नका. एका रात्रीत कारखान्याचा खर्च आभाळाला भिडेल आणि सोव्हिएत गिऱ्हाइकाच्या खिशात हे नवं चलन नसेल. त्याच आठवड्यात दुकानांच्या फळ्यांवर पश्चिमेचा माल लागेल. गावच्या कारखान्यातला कामगार नव्या नोटा घेऊन हौसेने पश्चिमेचं दही, पश्चिमेची पावडर घरी आणेल, आणि सोमवारी कामावर गेल्यावर कळेल की आपल्या मालाची ऑर्डर रद्द झाली. चलन बदलाल त्याच दिवशी चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्यासारखं टीव्हीवर येऊन सांगा की लवकरच इथे सारं बहरेल. कधी, ते सांगू नका.

कारखाने विकायला एक संस्था लागेल. त्यांची होती ट्रॉयहांड. तिच्या ताब्यात सुरुवातीला साडेआठ हजारांच्या आसपास उद्योग आणि ४० लाखांच्या घरात कामगार होते. आधी वाटलं होतं, हे विकून ६०० अब्ज मार्क तरी येतील. १९९४ च्या अखेरीस दुकान बंद केलं तेव्हा २५६ अब्जांची तूट निघाली. असा धंदा करायला कसब लागतं! खरेदीदार बहुतेक पश्चिमेचेच ठेवा. पूर्वेच्या माणसाकडे भांडवल कुठून असणार? चाळीस वर्षं ते बाळगायला बंदीच होती.

एखादं गाव मात्र ऐकणार नाही. थुरिंगियातल्या बिशोफेरोडच्या पोटॅश खाणीतले कामगार म्हणत, आमचा माल चांगला आहे, गिऱ्हाईक आहे, मग खाण का बंद? १९९३ च्या उन्हाळ्यात ते उपोषणाला बसले. तुम्ही सांगा की पूर्वेच्या पोटॅश उद्योगाचं पश्चिमेच्या कंपनीशी विलीनीकरण ठरलंय आणि करार गोपनीय आहे. मजकूर बाहेर आला २०१४ मध्ये. खाण १९९३ च्या ३१ डिसेंबरलाच बंद झाली होती. असली कागदपत्रं वीस वर्षं कपाटात मुरली की कुणाला बाधत नाहीत.

पूर्वेकडे साहेब पाठवा, आणि हालअपेष्टांबद्दल त्यांना भत्ता द्या. लोक त्याला 'जंगलभत्ता' म्हणतील. म्हणू द्या.

बायकांचं काय? पूर्वेत जवळपास सगळ्याच बायका नोकरी नाहीतर शिक्षणात आणि मुलं पाळणाघरात. पश्चिमेत तान्हं मूल सोडून कामावर जाणारी बाई म्हणजे कावळीण. तशी शिवीच आहे. नोकऱ्या जाऊ लागल्यावर बायकांनी आपलं उत्तर दिलं: १९९४ मध्ये पूर्वेतला जननदर बाईमागे ०.७७ वर आला. तुम्ही यावर चिंता व्यक्त करा. पुढे, १ ऑगस्ट २०१३ ला, वर्षाच्या मुलालाही पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क देशभर लागू करा आणि ती आधुनिक युरोपीय कल्पना आहे असं सांगा. पॉलिक्लिनिकांचंही तसंच. एका छपराखाली अनेक डॉक्टर म्हणजे साम्यवाद, म्हणून आधी बहुतेक बंद करा. २००४ मध्ये लांबलचक नावाची 'वैद्यकीय सेवा केंद्रं' काढा. लाल सिग्नलला उजवीकडे वळू देणारा पूर्वेचा हिरवा बाण मात्र १९९४ मध्येच उचललात तरी चालेल. बाणाला विचारसरणी नसते.

पूर्वेला संधी नाही अशी कुरकुर आली की अँगेला मर्केल यांच्याकडे बोट दाखवा, सोळा वर्षं चॅन्सेलर! जन्म हॅम्बुर्गचा, म्हणजे पश्चिमेचाच, बाप पाद्री म्हणून तान्हेपणी पलीकडे गेल्या, पण एवढ्या खोलात कोण जातं? त्यांच्याच पक्षाच्या जवळच्या प्रतिष्ठानच्या पुस्तकात एकाने त्यांच्या पूर्व जर्मनीतल्या आयुष्याला 'ओझं' म्हटलं होतं. मर्केल यांनी २०२१ मध्ये, निवृत्त होता होता, ३ ऑक्टोबरच्या भाषणात त्याचा उल्लेख केला. तोवर गप्प होत्या. गुणी बाई.

एकीकरणाच्या खर्चापोटी एकता-अधिभार नावाचा कर लावला की पश्चिमेतल्या माणसाला वाटू द्या तो एकटाच भरतोय. पूर्वेचाही भरतो, पण ते सांगितलं तर उपकाराची गोडी जाते. पेन्शनचं मूल्य दोन्हीकडे सारखं करायला २०२३ पर्यंत थांबा.

एवढं करूनही फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत पूर्वेच्या पाचही राज्यांत उजव्या टोकाचा एएफडी पहिला आला, तर थक्क व्हा. चेहरा आधीच सरावात ठेवा. 'यांना झालंय तरी काय' हा प्रश्न म्युनिक, कलोन नाहीतर बर्लिनच्या पश्चिम भागातल्या स्टुडिओत बसून विचारायचा. हवं तर पूर्वेतल्या ड्रेस्डेनहून एखाद्याला व्हिडिओवर घ्या, मात्र जाहिरातीआधी दोनच मिनिटं. पूर्वेतलं हॉयर्सवेर्डा १९९१, पूर्वेतलंच रोस्टॉक १९९२, तेव्हा परदेशी कामगारांच्या आणि आश्रितांच्या वसतिगृहांवर दगड पडत होते आणि रोस्टॉकला शेजारी टाळ्या वाजवत होते. ते का घडलं असं विचाराल तर उत्तर फार लांबतं आणि सगळं पश्चिमेवर ढकलताही येत नाही. म्हणून कार्यक्रमात घेऊ नका.

दरवर्षी ३ ऑक्टोबरला पाळीपाळीने एका राज्यात मेळा भरवा. सॉसेज, बँड, अध्यक्षांचं भाषण. एकीकरणाच्या प्रगतीचा सरकारी अहवालही काढा. गेल्या वर्षीचं मुखपृष्ठ जपून ठेवलं असेल तर उत्तम, साल तेवढं खोडायचं.