शिकागोत सहा मालकांची एक रेल्वे

लेख आवडला, पण 'शिकागोत मोठ्या रेल्वे कंपन्या एकमेकींशी जुळवून घेत नाहीत, म्हणून माल अडकतो' हे काही पटलं नाही. डब्यांची अदलाबदल करायला तिथे त्यांची सामाईक सोय 1882 पासून आहे, बेल्ट रेल्वे ऑफ शिकागो. आज तिची मालकी सहा बड्या कंपन्यांकडे आहे, आणि धंद्यात त्याच सहा जणी एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या असतात! भाऊबंदकीत वाडा वाटला तरी विहीर एकच ठेवतात ना, तसला प्रकार.

तिचं क्लिअरिंग यार्ड, म्हणजे डबे सुटे करून नव्याने लावायचं आवार, मिडवे विमानतळाच्या दक्षिणेला आहे. मी बरीच वर्षं त्याच भागात राहतो. यार्डात रुळांची एक बुटकी टेकडी आहे. इंजिन मागून ढकलत वाघिणी (मालडबे) चढावर आणतं, माथ्यावर कपलिंग सुटतं आणि वाघीण एकटीच घरंगळत ठरलेल्या रुळावर जाते. वाटेत रिटार्डर, म्हणजे रुळांवर बसवलेले ब्रेक, चाकांना दोन्हीकडून आवळतात. त्याची किंचाळी रात्री खिडकी बंद असली तरी ऐकू येते. (सुरुवातीला बायकोला वाटायचं, शेजारी फरशी कापतायत.)

मुंबईकरांना हे नवं नाही. गोदीचा माल पोर्ट ट्रस्टची स्वतःची छोटी रेल्वे 1915 पासून वडाळ्याला आणून मोठ्या रेल्वेच्या हवाली करायची. फक्त तिथे मालक बंदर होतं, इथे गिऱ्हाइकंच मालक.