चिमूटभर ग्राफीनने प्लॅस्टिकचं पोलाद होत नाही

‘ग्राफीन पोलादाच्या २०० पट मजबूत. प्लॅस्टिकच्या दाण्यात फक्त १ टक्का मिसळा, पोलादाला पर्याय तयार! वर शुद्ध कार्बन, म्हणजे निर्धोक.’ हा संदेश सध्या जोरात फिरतो आहे. त्यावर विसंबून एखादा छोटा मोल्डिंगवाला महागडी पावडर मागवून बसेल, म्हणून हे सविस्तर उत्तर.

२०० पटींचा आकडा हवेतला नाही. २००८ साली कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचा एका अणूएवढ्या जाडीचा, निर्दोष पापुद्रा सूक्ष्म छिद्रावर ताणून दाबला, तेव्हा ताकद भरली सुमारे १३० गिगापास्कल (ताकद आणि ताठरपणा मोजायचं एकक). पण विकत मिळणाऱ्या पावडरीत बहुधा अनेक थरांचे, कडा तुटलेले तुकडे असतात.

आता त्या १ टक्क्याचा हिशेब करू. ग्राफीन पॉलिप्रॉपिलीन या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या जवळपास अडीचपट जड, त्यामुळे वजनाने १ टक्का म्हणजे आकारमानाने जेमतेम ०.४ टक्के. ग्राफीनचा ताठरपणा, म्हणजे ताणाला न जुमानण्याचा गुण, १००० गिगापास्कल. सगळे तुकडे एकाच दिशेला, प्लॅस्टिकला घट्ट धरून आहेत असं मानलं, तरी भर पडते ४ गिगापास्कलची. मूळचे दीड मिळवून साडेपाच. पोलाद २००! आणि हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात तुकडे आडवेतिडवे पडतात, एकमेकांना ओढून घेतात, आणि पिठल्यात राहाव्यात तशा गुठळ्या राहतात. तडा तिथूनच सुरू होतो. ग्राफीनच्या भावंडाची, कार्बन नॅनोनळ्यांची (ग्राफीनचा पापुद्रा गुंडाळावा तशा अतिसूक्ष्म नळ्या), हीच गत. गुठळ्या फोडायला एक्स्ट्रूडरमध्ये (प्लॅस्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात) जास्त जोर लावावा, तर नळ्याच तुटून आखूड होतात.

म्हणून हे पदार्थ टाकाऊ ठरतात का? मुळीच नाही. त्यांची खरी करामत विजेत आहे, आणि नेमकी तीच या संदेशात नाही. नॅनोनळ्या लांबट असल्याने १-२ टक्क्यांतच, नीट पसरल्या तर त्याहूनही कमीत, त्यांचं सलग जाळं जमतं आणि प्लॅस्टिकवर साचणारा स्थिर विद्युतभार वाहून जातो. साध्या कार्बन ब्लॅकने (काजळीसारख्या कार्बनच्या भुकटीने) हेच साधायला अनेकदा १५-२० टक्के घालावे लागतात आणि माल ठिसूळ होतो. गाड्यांच्या इंधननळ्या, चिप ठेवायचे ट्रे इथे हा फरक पैसे वसूल करून देतो. उष्णतेच्या बाबतीत मात्र एवढी उडी मिळत नाही. प्रत्येक सांध्यावर ती अडते.

राहिला ‘निर्धोक’. कार्बन असणं ही सुरक्षिततेची हमी नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली एका विशिष्ट बहुभिंती नॅनोनळीला ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता’ या गटात टाकलं. बाकीच्या प्रकारांबद्दल निर्णय देण्याइतका पुरावा तेव्हा नव्हता. प्लॅस्टिकमध्ये रुतलेल्या नळ्यांपेक्षा खरी भीती पोतं उघडताना, वजन करताना आणि तयार भाग घासताना उडणाऱ्या धुळीची. शक्य असेल तर सुटी पावडर न घेता मास्टरबॅचच, म्हणजे पावडर आधीच मिसळलेले प्लॅस्टिकचे दाणेच, घ्या. पावडर घ्यावीच लागली, तर धूळ जागच्या जागी ओढून घेणारी यंत्रणा आणि कामगाराच्या तोंडावर बारीक कण अडवणारा मास्क हवाच. साधा रुमाल चालणार नाही.