गोपालगंजचा तो दगड कॅलिफोर्नियम नव्हता

ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमधल्या गोपालगंज पोलिसांनी ‘५० ग्रॅम कॅलिफोर्नियम, किंमत ८५० कोटी’ पकडल्याची बातमी अजून ग्रुपांवर फिरतेय. आता तिला शेपूटही जोडलंय: हा दगड खाणीत सापडतो, अंधारात चमकतो, तुमच्याकडे असेल तर संपर्क करा.

कॅलिफोर्नियम हे माणसाने बनवलेलं किरणोत्सर्गी मूलद्रव्य आहे; खाणीत ते सापडत नाही. १९५० साली बर्कलीत थॉम्प्सन, स्ट्रीट, गिओर्सो आणि सीबोर्ग यांनी क्युरियम या दुसऱ्या मानवनिर्मित मूलद्रव्यावर हेलियमच्या आयनांचा मारा करून ते बनवलं, तेव्हा हाती आले जेमतेम ५,००० अणू. त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचं (म्हणजे प्रकाराचं) अर्धायुष्य सुमारे ९०० वर्षं आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे निम्मे अणू नष्ट होतात. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं; सुरुवातीला असलंच, तरी ते कधीच संपलं असतं.

आता ते ५० ग्रॅम. वापरात असतं ते कॅलिफोर्नियम-२५२ हे समस्थानिक, आणि ते बनतं मुख्यतः दोन ठिकाणी: अमेरिकेत ओक रिज आणि रशियात दिमित्रोवग्राद. क्युरियम अणुभट्टीत ठेवून त्यावर महिनोन्‌महिने न्यूट्रॉनचा मारा होतो. क्युरियम-२४४ च्या अणूला एकेक करत आठ न्यूट्रॉन गिळावे लागतात आणि त्या वाटेवर बहुतेक अणू फुटून वाया जातात. म्हणून ओक रिजमध्ये १९६६ पासून जवळपास ५० वर्षांत सगळं मिळून साधारण १० ग्रॅमच झालं. त्याच्या पाचपट माल पिशवीतून चालला होता म्हणे!

आणि पिशवी धरणाऱ्याचं काय झालं असतं? कॅलिफोर्नियम-२५२ चा एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, सेकंदाला सुमारे २३ लाख न्यूट्रॉन सोडतो. ५० ग्रॅम म्हणजे असे पाच कोटी मायक्रोग्रॅम. एक मीटरवर उभ्या माणसाला मिनिटभरात प्राणघातक मात्रा मिळाली असती. शिवाय दर ग्रॅममागे जवळपास ४० वॉट उष्णता; तो तुकडा खोलीतल्या हीटरसारखा तापला असता. बातमीबरोबर फिरणाऱ्या फोटोत तो उघड्या हातात आहे.

अणुऊर्जा विभागाच्या पथकाने तपासणी केली, तेव्हा तो पदार्थ किरणोत्सर्गी नसल्याचंच निघालं.

किमतीचा आकडा मायक्रोग्रॅमच्या भावाला दहा लाखांनी गुणून फुगवतात. खरं कॅलिफोर्नियम परवानाधारक संस्थांनाच, जाड आवरणात, मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅमच्या हिशेबात मिळतं. अणुभट्टी सुरू करायला, तेलविहिरी तपासायला. तेव्हा दगडाच्या ‘टेस्टिंग’साठी कोणी आगाऊ पैसे मागितले, तर देऊ नका. तांदूळ खेचणारं ‘चमत्कारी’ तांब्याचं भांडं, म्हणजे राइस पुलर, याच्या नावाखाली लोकांना असंच लुटलंय.