खुलासा : पद्मिनीसुद्धा मागच्याच चाकांवर चालायची

जळगाव-चाळीसगावच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय : "अँबेसेडरला मागची चाकं ढकलायची म्हणून ती कन्नड घाट आरामात चढायची, प्रीमियर पद्मिनीला पुढची चाकं ओढायची म्हणून ती घाटात दमायची."

हे चुकीचं आहे. दोन्ही गाड्यांचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. परवा चाळीसगावात एका गॅरेजच्या खड्ड्यात उतरून मी जुन्या पद्मिनीखाली पाहिलं. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यापर्यंत) लांब प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागे नेणारा फिरता दांडा, त्याच्या क्रॉसवर (सांध्यावर) ग्रीसचा काळा थर. मागची बाजू जॅकवर होती. गाडी न्यूट्रल करून मिस्त्रींनी शाफ्ट हाताने फिरवला, तर मागचं चाक फिरलं. पुढच्या चाकांकडे असा शाफ्टच जात नाही.

फरक होता तो इंजिनात. पद्मिनीचं 1089 सीसी, अँबेसेडरचं बराच काळ 1489 सीसी. भरल्या गाडीने चढ चढताना हा फरक जाणवणारच. पण पद्मिनी हलकी होती, हाताळायला सोपी. माझ्या मते गावातल्या अरुंद गल्लीत तीच बरी. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सर्रास दिसू लागली ती 1983 च्या मारुती 800 नंतर. गल्लत बहुधा तिथेच झाली असावी.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला, त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण भाऊ, आता तो थांबवा, आणि जिथे टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.